स्कायरिममध्ये पात्राचं रूप बदलायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "स्कायरिम स्पेशल एडिशन पीसीवर खेळतो. मूळ चेहरे आणि केस आवडले नाहीत म्हणून रूप बदलणारे बरेच मॉड एकदम टाकले. आता माझ्या पात्राच्या मानेभोवती रेघ दिसते, चिलखत चढवलं की शरीर पुन्हा जुन्यासारखं होतं, आणि गावातल्या काही जणांचे चेहरे काळेठिक्कर पडलेत. सगळं काढून पहिल्यापासून सुरू करायची तयारी आहे. कोणत्या क्रमाने जाऊ?"

तयारी आहे म्हणताय, तर खरंच सगळं काढा. एकदम टाकलेल्या मॉडचा (म्हणजे गेममध्ये बदल करणाऱ्या, खेळाडूंनी बनवलेल्या जोडण्यांचा) गुंता सोडवत बसण्यापेक्षा नव्याने मांडणी केलेली लवकर होते, आणि तुम्हाला प्रत्येक गोष्ट कुठून आली हे माहीत राहतं.

आधी हे लक्षात घ्या की या गेममध्ये पात्राचं रूप एका जागी ठेवलेलं नसतं. डोकं, धड, हात आणि पाय हे वेगवेगळे तुकडे आहेत. प्रत्येक तुकड्याचा आकार मेशच्या फाइलमध्ये असतो, त्यावरची कातडी टेक्श्चरच्या फाइलमध्ये, आणि कोणत्या व्यक्तीला कुठलं डोकं, कुठले केस, कुठले डोळे लावायचे हे प्लगइनमध्ये लिहिलेलं असतं. एखादा मॉड यातल्या काही फाइली बदलतो आणि बाकीच्यांना हात लावत नाही. पुढचा मॉड येतो तो त्यातल्याच काहींवर स्वतःच्या फाइली चढवतो. शेवटी पडद्यावर दिसतं ते कोणाची कुठली फाइल वर राहिली त्यावरून. तुमच्या तिन्ही तक्रारी इथूनच निघाल्या आहेत, म्हणून क्रम ठरवताना एकच प्रश्न विचारत राहायचा: या जागी आत्ता कोणाची फाइल लागू आहे?

आता पाया. स्पेशल एडिशन ऑक्टोबर २०१६ मध्ये आली आणि ती ६४ बिटची आहे. २०११ च्या मूळ स्कायरिमसाठी केलेले मॉड तिच्यात जसेच्या तसे टाकू नका, मेशचा प्रकार बदललेला असल्यामुळे गेम बंद पडू शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये ॲनिव्हर्सरी एडिशन आली आणि तिथे नव्या माणसाचा हमखास गोंधळ होतो. ती तुम्ही विकत घेतली आहे की नाही यावर मॉड चालणं ठरत नाही, ते गेम चालू करणाऱ्या एक्झी फाइलच्या आवृत्तीवर ठरतं. १.५.९७ ही त्याआधीची शेवटची आवृत्ती, १.६.६४० आणि १.६.११७० या नंतरच्या. एक्झीवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये क्रमांक दिसतो. तो कागदावर लिहून ठेवा, कारण एसकेएसई (मॉडना गेमच्या आत जास्त काम करू देणारा प्रोग्राम), ॲड्रेस लायब्ररी (त्यावर चालणाऱ्या मॉडना लागणारी मदतफाइल) आणि रेसमेन्यू (चेहरा घडवायचा मॉड) हे तिन्ही त्याच क्रमांकाशी जुळणारेच लागतात. 'रेसमेन्यू चालत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारींत मी पहिल्यांदा हाच क्रमांक विचारतो.

गेम प्रोग्राम फाइल्सच्या फोल्डरमध्ये असेल तर तिथून हलवा. विंडोज त्या फोल्डरमध्ये लिहायला अडवतं आणि मग अर्धवट इन्स्टॉल झालेले मॉड शोधत बसावं लागतं. स्टीममध्ये 'गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर' हा पर्याय निवडा आणि यापुढे गेम कायम एसकेएसईच्या लोडरवरून, तोही मॉड मॅनेजरच्या (मॉड बसवून त्यांचा क्रम लावणाऱ्या प्रोग्रामच्या) आतूनच चालू करा.

मॉड मॅनेजरसाठी माझं मत ठाम आहे: मॉड ऑर्गनायझर २ घ्या. व्हॉर्टेक्स हा दुसरा मॅनेजरही वाईट नाही, त्यावर वर्षानुवर्षं खेळणारे लोक आहेत. पण रूपाच्या मॉडमध्ये फाइलीवर फाइल चढण्याचे प्रसंग इतके येतात की कोण कोणावर आहे हे उघड्या डोळ्यांनी दिसणं फार मोलाचं ठरतं. मॉड ऑर्गनायझर प्रत्येक मॉड वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवतो आणि गेमच्या मूळ डेटा फोल्डरला हात लावत नाही. डावीकडच्या यादीत मॉडचा क्रम असतो, त्यावरून मेश आणि टेक्श्चरचं भांडण सुटतं: खालचा जिंकतो. उजवीकडच्या यादीत प्लगइनचा क्रम असतो, तिथेही खालचा जिंकतो. पण या दोन यादींचा एकमेकींशी आपोआप मेळ नसतो. हे वाक्य लक्षात ठेवा, काळ्या चेहऱ्यांपाशी त्याचं काम पडणार आहे.

पाया घातला की आधी शरीर. चेहऱ्यापासून सुरुवात करायचा मोह होतो, पण कातडी शरीराच्या मेशप्रमाणे निवडावी लागते आणि चेहरा कातडीप्रमाणे. उलट गेलात तर प्रत्येक पायरी दोनदा करावी लागते. स्त्री पात्रांसाठी सीबीबीई आणि यूएनपी ही शरीराच्या मेशची दोन मुख्य घराणी आहेत. नवख्याने सीबीबीई घ्यावं, कारण चिलखतं आणि कपडे त्यासाठी सगळ्यात जास्त मिळतात. त्याच्या इन्स्टॉलरमध्ये अंतर्वस्त्रांसह असलेलं शरीर निवडता येतं, घरात सगळ्यांसमोर खेळत असाल तर ते निवडा. पुरुष पात्रांसाठी हिम्बो हे शरीर घ्या, ते बॉडीस्लाइडवर (शरीर आणि कपड्यांना माप देणाऱ्या प्रोग्रामवर) चालतं. दोन घराण्यांचं काही एकत्र करू नका. यूएनपीसाठी रंगवलेली कातडी सीबीबीईच्या शरीरावर बसत नाही, कारण टेक्श्चर मेशवर गुंडाळण्याचा आराखडाच दोघांचा वेगळा आहे. बेंबी सरकते, सांधे दिसतात.

सोबत एक्सपी३२ चा सांगाडा टाका. पुढे केसांना किंवा शरीराला हालचाल हवी असेल तर त्याशिवाय भागत नाही.

आता तुमची चिलखताची तक्रार. चिलखताच्या फाइलमध्ये चिलखतासोबत शरीराचा दिसणारा भागही असतो. म्हणजे कवच घातलं की तुमचं नवं धड पडद्यावरून जातं आणि त्या कवचाच्या मेशमधले दंड, गळा, पोट दिसू लागतात, आणि ते गेमच्या मूळ शरीरावर बेतलेले असतात. म्हणून शरीर बदललं की कपडेही त्याच मापाने पुन्हा शिवून घ्यावे लागतात. ते काम बॉडीस्लाइड करतो.

बॉडीस्लाइड मॉड ऑर्गनायझरच्या आतूनच उघडा, बाहेरून उघडलात तर त्याला तुमचे मॉड दिसतच नाहीत. वर प्रीसेट (शरीराच्या मापांचा तयार संच) निवडा, बिल्ड मॉर्फ्सच्या चौकोनात खूण करा आणि बॅच बिल्ड दाबा. मूळ गेममधल्या कपड्यांची मापं सीबीबीईसोबतच येतात, त्यामुळे एका फेरीत सगळी चिलखतं तयार होतात. एकाच कपड्याची दोन-तीन रूपं असतील तर तो 'यातलं कुठलं?' असं विचारतो, तिथे घाई न करता एकेक निवडा. बिल्ड झालेल्या फाइली मॉड ऑर्गनायझरच्या ओव्हरराइट फोल्डरमध्ये जाऊन पडतात. त्यांचा एक वेगळा मॉड करा, नाव 'बॉडीस्लाइड आउटपुट' असं काहीतरी द्या आणि डाव्या यादीत शरीर व कपड्यांच्या सगळ्या मॉडच्या खाली ठेवा. पुढे नवं चिलखत टाकलं किंवा प्रीसेट बदललं की हीच फेरी पुन्हा. मनगटापाशी फट दिसली तर समजा की धड एका प्रीसेटवर आणि हात दुसऱ्यावर बिल्ड झालेत.

मग कातडी. एका स्किन (म्हणजे कातडीच्या) मॉडमध्ये डोकं, धड आणि हात या प्रत्येकासाठी बहुतेक वेळा चार टेक्श्चर असतात: एक रंगाचं, एक उंचसखलपणाचं, एक चकाकीचं आणि एक कातडीत शिरणाऱ्या प्रकाशाचं. मानेवरची रेघ पडते ती बहुतेक वेळा यामुळे की डोक्याची चार टेक्श्चर एका मॉडची आहेत आणि धडाची दुसऱ्याची. तुमच्याकडे एकदम टाकलेल्या मॉडमध्ये दोन स्किन असणार, आणि त्यातल्या एकात कदाचित फक्त चेहराच असेल. रंग जुळला तरी उंचसखलपणाच्या टेक्श्चरमध्ये फरक असला तर प्रकाश मानेच्या वर एका कोनातून आणि खाली दुसऱ्या कोनातून पडल्यासारखा दिसतो. म्हणून घराच्या बाहेर रेघ ठळक दिसते आणि सावलीत नाहीशी होते. उपाय साधा आहे: एकच स्किन घ्या आणि डोक्यापासून पायापर्यंत तीच वापरा. तिच्यावर दुसरं कोणी चढत नाही ना हे मॉड ऑर्गनायझरमध्ये त्या मॉडवर डबल क्लिक करून कॉन्फ्लिक्ट्सच्या पानावर दिसतं.

खाजित आणि आर्गोनियन वंशाचं पात्र असेल तर माणसांसाठीच्या स्किन तिथे लागू होत नाहीत. त्यांची टेक्श्चर स्वतंत्र असतात आणि त्यांच्यासाठी वेगळे मॉड शोधावे लागतात.

टेक्श्चरचा आकार २के (२०४८ पिक्सेल) घ्या. ४के चं (४०९६ पिक्सेल) एक टेक्श्चर बीसी७ या दाबून लहान केलेल्या प्रकारात साधारण २१ एमबी ग्राफिक्स मेमरी खातं, २के चं साधारण ५ एमबी. अंगाला ४के चालवायचं असेल तर चालवा, पण डोळ्यांना आणि भुवयांना त्याची गरज नाही.

इथवर आलात की गेममध्ये जाऊन या. एक नवं पात्र, मूळ चेहऱ्याचं, नुसतं हिंडवून पाहा. चिलखत चढवा, उतरवा, मान बघा. हे ठीक असेल तरच पुढे चला. पुढे प्रत्येक मॉडनंतर हेच करायचंय, आणि त्यासाठी एक चाचणीचा सेव्ह वेगळा ठेवा, ज्यात खरा खेळ कधीच पुढे न्यायचा नाही.

आता चेहरा, म्हणजे रेसमेन्यू. मूळ गेमच्या चेहरा-निर्मितीच्या पडद्याची जागा तो घेतो, कितीतरी जास्त स्लायडर देतो, अंगावर रंग-गोंदण चढवू देतो आणि स्कल्प्टच्या पानावर चेहऱ्याचा मेश ब्रशने ढकलू देतो. त्याच्यासोबत भुवयांचा एक, डोळ्यांचा एक आणि केसांचा एक मॉड पुरे. केसांसाठी केएस हेअरडूज हा मोठा संग्रह आहे. हलणाऱ्या केसांची आवृत्ती मोहक असते, पण ती प्रोसेसरवर भार टाकते आणि तिच्यासाठी एचडीटी-एसएमपी हा हालचालीचा मॉड वेगळा बसवावा लागतो. पहिल्या पात्राला न हलणारे केस द्या.

हाय पॉली हेड घ्यायचं की नाही हे मात्र आधी ठरवा. त्यात डोक्याचा मेश जास्त बारीक असतो, त्यामुळे जबडा आणि कान कोनाकोनांचे दिसत नाहीत. माझ्या मते रूपाच्या सगळ्या मॉडमध्ये यासारखा फरक पाडणारं दुसरं काही नाही. पण इन्स्टॉल केलं म्हणून ते आपोआप लागत नाही, रेसमेन्यूमध्ये जाऊन ते डोकं निवडावं लागतं, आणि भुवयाही त्याच्यासाठीच केलेल्या लागतात. शिवाय मूळ डोक्यावर घडवलेला चेहरा या डोक्यावर आणि याच्यावरचा त्या डोक्यावर तसाच बसत नाही. अर्धा चेहरा घडवून झाल्यावर निर्णय बदलला तर काम वाया जातं.

चेहरा घडवण्याबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे मॉडपेक्षा हात आणि डोळा जास्त लागतो. लोक समोरून बघत सुंदर चेहरा करतात आणि गेममध्ये पात्र वळलं की नाक चोचीसारखं निघतं. कॅमेरा गेममध्ये बहुतेक वेळ तिरका असतो. म्हणून नाक, ओठ आणि हनुवटी एका बाजूने बघून ठरवा, डोळ्यांतलं अंतर आणि गालांची हाडं समोरून. स्लायडर टोकाला नेऊ नका. प्रत्येक स्लायडर मूळ डोक्यावर थोडं सरकवणं चढवतो, आणि पापणी मिटणं, बोलणं, हसणं हेही त्याच प्रकारे वरून चढतं. पापण्यांच्या भोवती स्कल्प्टने फार ओढाताण केली की डोळे मिटताना पूर्ण मिटत नाहीत, खाली पांढरी फट राहते. रेसमेन्यूमध्ये पात्र स्थिर उभं असल्यामुळे हे तिथे लक्षातच येत नाही.

प्रकाशाचंही तसंच. रेसमेन्यूच्या पडद्यावर चेहऱ्यावर पडणारा वेगळा दिवा असतो, तो बंद करून बघायची सवय लावा. मग सेव्ह करून बाहेर पडा आणि पात्राला व्हाइटरन शहरातल्या बॅनर्ड मेअर या खानावळीत शेकोटीजवळ उभं करा, नंतर भर दुपारी बर्फात. कन्सोल (गेममध्ये आज्ञा टाइप करायची पट्टी) उघडून इंग्रजी अक्षरांत टीएफसी, मग जागा सोडून १ असं टाइप केलं की काळ थांबतो आणि कॅमेरा मोकळा होतो. चेहऱ्याभोवती फिरून पाहा. मेनूत गोरी दिसणारी कातडी बर्फात खडूसारखी दिसते, आणि जे चमकदार डोळे पडद्यावर छान वाटले ते अंधाऱ्या गुहेत दिव्यासारखे पेटलेले दिसतात. डोळे निवडताना मी नेहमी एक छटा मंदच घेतो.

परत चेहरा बदलायला कन्सोलमध्ये शो, रेस, मेन्यू हे तीन इंग्रजी शब्द मध्ये जागा न सोडता टाइप करा. त्याआधी सेव्ह कराच, आणि त्या पडद्यावर वंश बदलू नका, कौशल्यांचे आकडे परत मूळपदावर जातात. पात्र व्हॅम्पायर किंवा वेअरवुल्फ असताना तर हा पडदा उघडूच नका. कन्सोल न वापरता करायचं असेल तर रिफ्टन शहरातल्या रॅगेड फ्लॅगन या दारूच्या गुत्त्यात गॅलाथिल नावाची चेहरे घडवणारी बसते. ती १००० सोन्याच्या नाण्यांत चेहरा बदलून देते, वंश आणि लिंग सोडून.

चेहरा मनासारखा झाला की रेसमेन्यूमध्येच प्रीसेट म्हणून साठवा. दुसऱ्या कोणाचं प्रीसेट उतरवलं आणि ते चित्रासारखं दिसलं नाही, तर त्याने वापरलेले केस, डोळे, भुवया, स्किन आणि डोकं तुमच्याकडे आहे का हे आधी बघा. प्रीसेटमध्ये स्लायडरचे आकडे आणि भागांची नावं असतात, ते भाग स्वतः नसतात. आणि त्याच चेहऱ्यावर स्वतःचं काही करून पुढे वाटणार असाल तर मूळ कर्त्याची परवानगी बघा, नाव द्या. या लोकांनी महिनोन्महिने बसून केस रंगवलेले असतात.

राहिले काळे चेहरे. तुमच्या पात्राचं डोकं गेम चालू असताना तयार होतं. गावकऱ्यांचं तसं नाही, त्यांची डोकी आधीच बनवून फाइलमध्ये ठेवलेली असतात, प्रत्येकाची वेगळी मेश आणि वेगळं रंगाचं टेक्श्चर. त्याला फेसजेन म्हणतात. गेम त्या व्यक्तीची प्लगइनमधली नोंद वाचतो आणि फेसजेनच्या फाइलशी ताडून बघतो. नोंदीत एक केस-भुवया आणि फाइलमध्ये दुसऱ्या असं निघालं की चेहऱ्याचा रंग लागत नाही आणि तो करडा किंवा काळा दिसतो.

लिडिया या गेममधल्या सोबतिणीचं उदाहरण घ्या. तिच्या फेसजेन फाइलचं नाव ०००ए२सी८ई असं आहे. मॉड ऑर्गनायझरच्या उजवीकडे डेटाच्या पानावर ते शोधलं की ती फाइल सध्या कुठल्या मॉडची लागू आहे हे कळतं. मग एसएसईएडिट (प्लगइनमधल्या नोंदी दाखवणारा प्रोग्राम) उघडून लिडियाची नोंद पाहा. रकाने डावीकडून उजवीकडे लोड ऑर्डरप्रमाणे (प्लगइनच्या क्रमाप्रमाणे) असतात, सगळ्यात उजवा जिंकतो. फाइल एका मॉडची आणि सगळ्यात उजवा रकाना दुसऱ्याचा असेल तर दोष सापडला. चेहऱ्याचा जो मॉड हवा आहे तो डाव्या यादीतही खाली न्या आणि त्याचं प्लगइन उजव्या यादीतही खाली न्या. दोन्ही.

दोषी नेहमी रूपाचाच मॉड असतो असं नाही. गावकऱ्यांचे कपडे, झोपायच्या वेळा, लढायची पद्धत बदलणारे मॉडही त्याच नोंदीला हात लावतात आणि जाता जाता जुने केस परत आणून ठेवतात. अनऑफिशियल पॅच हा गेममधल्या चुका सुधारणारा मॉडही अनेक व्यक्तींच्या नोंदी दुरुस्त करतो, म्हणून चेहऱ्यांचे मॉड नेहमी त्याच्या खाली. लूट (प्लगइनचा क्रम लावणारा प्रोग्राम) चालवून लोड ऑर्डर लावली तरी ती फक्त उजवी यादी लावते, डावी तुम्हालाच बघावी लागते. फेस डिस्कलरेशन फिक्स नावाचा छोटा मॉड काळा रंग घालवतो, पण चुकीचा चेहरा दुरुस्त करत नाही, म्हणून तो मी सगळं जुळवून झाल्यावरच टाकायला सांगतो. आणि संपूर्ण गावाचे चेहरे बदलणारे दोन मॉड एकत्र नकोत. एक घ्या, त्याच्यावर हव्या त्या एक-दोन व्यक्तींचे सुटे मॉड चढवा.

चालू खेळात काय काढता येतं तेही सांगतो. स्किनसारखे नुसते टेक्श्चरचे मॉड केव्हाही बदला, सेव्हला काही होत नाही. केसांचा किंवा डोळ्यांचा प्लगइन असलेला मॉड काढायचा असेल तर आधी रेसमेन्यूमध्ये जाऊन पात्राला मूळ गेममधले केस आणि डोळे द्या, सेव्ह करा, मग काढा. नाहीतर पात्र टक्कल घेऊन उभं राहतं. ज्यात स्क्रिप्ट (गेममध्ये चालणारा छोटा कोड) आहेत असे मॉड चालू खेळातून काढूच नका, नव्या पात्राच्या वेळी काढा.